कॉस्प्लेवाल्यांची मांगा पहिल्यांदा हातात घेताना: ‘कॉम्प्लेक्स एज’पासून सुरुवात

माझ्या आतेबहिणीनं ‘कॉम्प्लेक्स एज’चा पहिला खंड एका दुपारीत वाचून संपवला आणि परत देताना म्हणाली, “छान आहे गं, पण ह्या मुलींचं नक्की बिनसलं कुठे?” तिचा प्रश्न अगदी रास्त होता. जपानी मांगात, म्हणजे तिथल्या चित्रकथांत, नवख्या माणसाला नेमकं हेच निसटतं. कुणी मोठ्यानं बोलेपर्यंत भांडण बरंच जुनं झालेलं असतं. त्याची सुरुवात एखाद्या नजरेत झालेली असते, एखाद्या शिवणीत किंवा फोटोत कोण कुठे उभं राहिलं ह्यात. ते दिसायला लागलं की ही गोष्ट सोडवत नाही. म्हणून तिला जे सांगितलं ते इथे जरा नीट, क्रमानं लिहिते आहे. कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा पोशाख करून त्याच्यासारखं दिसणं, कधी केलं नसलं, मांगा कधी वाचली नसली तरी चालेल.

पहिली पायरी: कुठली मालिका घ्यायची

कॉस्प्लेवर मांगा बऱ्याच आहेत, पण मैत्री आणि तिच्यातली ओढाताण हा गाभा असलेली मालिका हवी असेल तर युई साकुमा ह्यांची ‘कॉम्प्लेक्स एज’ घ्या. कोदान्शा ह्या प्रकाशनाच्या ‘मॉर्निंग’ साप्ताहिकात ती २०१४ आणि २०१५ मध्ये क्रमशः आली. सगळे मिळून सहा खंड. इंग्रजी अनुवादही सहाच्या सहा खंडांचा निघालेला आहे. सहा खंड हे नवख्यासाठी बेताचं माप आहे. पन्नास-साठ खंडांच्या मालिकेसमोर माणूस दबून जातो, इथे महिन्याभरात शेवट गाठता येतो.

‘मॉर्निंग’ हे मोठ्यांसाठीचं साप्ताहिक आहे, हे लक्षात असू द्या. त्यामुळे गोष्ट शाळेत घडत नाही, नोकरी करणाऱ्या बायकांच्या आयुष्यात घडते. नायिका नागिसा काताउरा सव्वीस वर्षांची आहे. ती एका एजन्सीमार्फत कंपनीत तात्पुरत्या कामावर आहे, घरी आईवडिलांबरोबर राहते आणि सुट्टीच्या दिवशी कॉस्प्ले करते. उरुरू हे तिचं सर्वांत लाडकं पात्र. उरुरू खरी नाही, म्हणजे ती ज्या ॲनिमेतली (जपानी ॲनिमेशन मालिकेतली) आहे ते प्रत्यक्षात नाही. गोष्टीतल्याच एका ॲनिमेतली ती छोटीशी जादूगार मुलगी आहे. नवे वाचक ते ॲनिमे शोधत बसतात म्हणून आधीच सांगून ठेवलं.

दुसरी पायरी: पान उजवीकडून

पुस्तक आपल्या हिशेबानं मागून उघडायचं. पान उजवीकडून डावीकडे, आणि पानावरच्या चौकटीही वरून खाली पण उजवीकडून डावीकडे. पहिली वीस-पंचवीस पानं डोळा चुकतो, मग सवय होते. बोलण्याचे फुगेही त्याच क्रमानं.

तुम्ही जपानी शिकत असाल (पुण्यात असे बरेच जण भेटतात) आणि मूळ पुस्तक वाचायचं मनात असेल, तर एक अडचण आहे. मुलांच्या मांगात प्रत्येक कांजीवर (जपानीत वापरतात त्या चिनी अक्षरांवर) उच्चार लिहिलेला असतो, तसा मोठ्यांच्या मांगात सगळीकडे नसतो. पहिलं वाचन अनुवादातून करा, दुसरं जपानीतून. गोष्ट माहीत असली की कांजी अडल्या तरी वाट सापडते.

तिसरी पायरी: त्यांचे शब्द समजून घ्या

हे शब्द पाठ करायची गरज नाही, पण माहीत असले तर प्रसंगांचं वजन कळतं.

कॉस्प्ले करणाऱ्याला तिथे ‘रेइया’ म्हणतात. ‘कॉस्प्लेयर’चंच ते शेपूट. कॅमेरा घेऊन येणारे ते ‘कामेको’. एकाच मालिकेतली पात्रं ठरवून, मिळून करायची त्याला ‘आवासे’. घरातल्या घरात पोशाख करून फोटो काढायचे ते ‘ताकुकोसु’. घराला ‘ताकु’, म्हणून. बऱ्याच रेइया कॉस्प्लेसाठी वेगळं नाव घेतात आणि त्या नावाची छोटी कार्डं छापून एकमेकींना देतात. ह्याचा अर्थ जरा थांबून बघा. दोन मैत्रिणी वर्षानुवर्षं भेटतात, एकमेकींचे केसांचे टोप विंचरतात, पाठीची चेन लावून देतात, आणि तरी एकीला दुसरीचं आडनाव किंवा ऑफिस माहीत असेलच असं नाही. मैत्री खोल असते पण एका खोलीपुरतीच. त्या खोलीचं दार उघडलं की काय होतं, ह्याच्याभोवती अशा गोष्टी फिरतात.

त्या दारासाठीही शब्द आहे: ‘मिबारे’, म्हणजे आपण खरे कोण हे उघडं पडणं. नागिसाच्या सगळ्या भीतीचं मूळ ह्या एका शब्दात आहे. तात्पुरत्या कामावरच्या माणसाचं काम कंत्राटावर टिकतं, आणि ऑफिसात कुजबुज सुरू झाली तर तिच्या पाठीशी फारसं कोणी नसतं. त्यामुळे तिनं छंद लपवणं म्हणजे नुसती लाज वाटणं नव्हे. आपल्याकडची मुलगी ऑफिसमध्ये सांगून टाकेल आणि दोन दिवस थट्टा होऊन विषय मिटेल. तिचं तसं नाही, हे धरून वाचा.

आणखी एक. नावामागचं ‘सान’ (आदरानं) आणि ‘चान’ (लाडानं) अनुवादात ठेवलेलं असेल तर त्यावरून घाईनं नजर फिरवू नका. आपण ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतो, किंवा रागानं अचानक ‘तुम्ही’वर जातो, तेवढंच वजन त्यात असतं.

चौथी पायरी: तिथल्या रीती

तोक्योतला ‘कॉमिक मार्केट’ हा स्वतः छापलेल्या मांगांचा मोठा बाजार १९७५ च्या डिसेंबरात सुरू झाला. आता तो ‘बिग साइट’ ह्या प्रदर्शन केंद्रात, साधारणपणे ऑगस्ट आणि डिसेंबरात भरतो. अशा ठिकाणी कॉस्प्लेला जागा आहे, पण ठाम नियमांसह. घरून पोशाख घालून यायचं नाही, पोशाखात घरी जायचं नाही. नोंदणी करून कपडे बदलायच्या खोलीत जायचं, तिथेच तयार व्हायचं, तिथेच साध्या कपड्यांत परतायचं. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. वाट अडवायची नाही.

म्हणून ह्या मांगांत मोठ्या चाकाच्या बॅगा सतत दिसतात. ती बॅग म्हणजे प्रवासाचं सामान नाही. दुसरी नागिसा त्या बॅगेत घडी करून ठेवलेली असते. गाडीत तिच्या शेजारी बसलेल्या माणसाला ती ऑफिसातून दमून चाललेली बाई वाटते. मी डोंबिवलीहून पोशाखाची पिशवी मांडीवर घट्ट धरून लोकलनं गेलेली आहे, तेव्हा ते चित्र मला समजावून द्यावं लागलं नाही.

पाचवी पायरी: आधी कपडा बघा, मग चेहरा

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त ऐवज इथेच आहे.

कॉस्प्लेची मांगा वाचताना बहुतेक जण डोळ्यांकडे आणि संवादाकडे बघतात. तुम्ही उलटं करा. प्रत्येक नव्या पोशाखावर अर्धा मिनिट थांबा आणि स्वतःला विचारा: हा शिवलाय की विकत आणलाय? अंगावर बसलाय की लोंबतोय? टोपाखालून खरे केस दिसतायत का? हातातली वस्तू पुठ्ठ्याची वाटते की खरी? उभं राहणं त्या पात्राचं आहे की त्या मुलीचं?

हे प्रश्न महत्त्वाचे का, ते एकदा शिवायला बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून जवळून दाखवते. जादूगार मुलीचा घेरदार झगा घ्या. चित्रकारानं तो दोन रेघांत काढला, हवेत उभा. आपण तो साध्या सुती कापडात शिवला तर पायाशी गळून पडतो. मग आत कडक जाळीचे थर लावायचे. जाळी बोचते म्हणून खाली अस्तर. अस्तर लावलं की कंबर जाड दिसते, मग चुण्या पुन्हा मोजून बसवायच्या. खालची झालर कापडाच्या कडेवर सरळ टीप मारून लावली तर आक्रसते. आधी कच्चा धावदोरा घालून हातानं ओढून गोळा करायची, टाचण्यांनी समान वाटायची, आणि मग मशिन चालवायचं. कॉलर उभी राहावी म्हणून आत बुकरम. मुंढा अर्धा इंच चुकला तर हात वर केल्यावर अख्खी चोळी वर चढते, आणि जादूगार मुलगी तर प्रत्येक फोटोत हात वरच करते! म्हणजे उसवायचं आणि पुन्हा.

हे सगळं रात्री, ऑफिसवरून आल्यावर. सकाळी ह्यातलं कुणालाही काहीही दिसत नाही, दिसतो फक्त एक झगा. नागिसाला हे जमतं. तिचा ध्यासच बिनचूक उरुरूचा आहे. आता तिच्यासमोर अशी मुलगी आणून उभी करा जिला शिवणातलं फारसं कळत नाही, पण जी नुसती उभी राहिली तरी उरुरू दिसते.

सहावी पायरी: तिघींचं नातं कसं वाचायचं

ती मुलगी म्हणजे आया. कॉस्प्लेत नवी, चणीनं लहान, चेहऱ्यानं कोवळी. नागिसा उंच आहे, आणि उरुरू तर लहानखुरी. कापडानं कंबर बदलते, टोपानं केस बदलतात, डोळ्यांत रंगीत काचा घालता येतात. उंची कापता येत नाही. ह्या मालिकेतली सर्वांत खरी गोष्ट मला ही वाटते, की तिच्या नायिकेचा शत्रू कुणी वाईट मुलगी नाही. आया वाईट नाही. तिला नागिसाचं कौतुक आहे. आणि त्यामुळेच नागिसाला रागवायलाही जागा उरत नाही.

पहिल्या वाचनात लोक इथे बाजू घेतात. एक तर नागिसा हेकट वाटते, नाही तर आया न कमावता मिळवणारी वाटते. तसं करू नका. आया येते तेव्हा प्रत्येक वेळी नागिसा आधी काय बघते ते पाहा. ती चुका शोधते. शिवणीतल्या, उभं राहण्यातल्या. शिकवायलाही ती त्याच वेगानं तयार होते. शिकवण्यात माया आहे आणि हक्कही आहे, दोन्ही एकाच वाक्यात.

किमिको तिसरी. नागिसाची कॉस्प्लेतली जवळची मैत्रीण. अशा जुन्या मैत्रिणीकडे वाचकाचं दुर्लक्ष होतं, कारण ती भांडत नाही. तिच्यावर नजर ठेवा. कोण बोलत नाही आणि ते न बोलणं कुणासाठी आहे, हे तिच्याकडून कळतं.

मला हे सगळं इतकं का लागलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी मी आणि माझी एक मैत्रीण मुंबईतल्या एका मेळाव्याला एकाच पात्राच्या पोशाखात गेलो. मी अडीच महिने आईच्या मशिनवर बसून माझा शिवला होता. तिनं तिचा मागवला होता आणि आदल्या रात्री फक्त बाही आत घेतली होती. फोटो काढणारा मुलगा आला, आमच्या दोघींचा एक घेतला, आणि मग अगदी नम्रपणे मला म्हणाला, “ताई, जरा बाजूला होता का? ह्यांचा एकटीचा घेतो.” तो काहीच चुकला नव्हता. ती खरंच तशी दिसत होती. परतीच्या गाडीत तिनं डबा उघडून माझ्यापुढे धरला, मी भूक नाही म्हणाले. दोन आठवड्यांनी तिचा फोन आला, “झालर कशी लावतेस ते शिकव ना गं.” मी वेळ नाही म्हणून सांगितलं. वेळ होता.

नागिसा भेटली ती त्यानंतर. ती चौकटीत गप्प उभी असते तेव्हा आत काय चाललंय ते मला शब्दांशिवाय कळत होतं. तुमच्याकडे असा अनुभव नसेल तर शाळेचं स्नेहसंमेलन आठवा. मुख्य भूमिका कुणाला मिळाली आणि पाठांतर कुणाचं चोख होतं.

सातवी पायरी: वय हा शब्द शीर्षकातच आहे

पहिल्या खंडाच्या शेवटी एक वेगळी, छोटी गोष्ट आहे. ती अजिबात सोडू नका. मालिकेच्या आधीची ती स्वतंत्र कथा आहे. तिशी ओलांडलेली एक विवाहित बाई, तिला ‘गॉथिक लोलिता’ धाटणीचे झालरी-लेसचे बाहुलीसारखे कपडे घालायची मनापासून आवड, आणि आता हे घालावं की नाही हा तिच्यासमोरचा पेच. त्यात खलनायक नाही. आरसा आहे.

माझा सल्ला असा, की ती कथा पहिल्या खंडाच्या शेवटी एकदा वाचा आणि सहावा खंड संपल्यावर पुन्हा. दुसऱ्या वेळी तीच पानं वेगळी वाटतात. सव्वीस हे काय वय झालं, असं आपल्याला वाटेल. पण आपल्याकडे ‘आता हे शोभतं का’ हे वाक्य कुठल्या वयापासून कानावर पडायला लागतं ते प्रत्येक मुलीनं आपापलं आठवावं. पंजाबी ड्रेसवरून साडीवर यायला लावतात ते वय, केस मोकळे सोडू नको म्हणतात ते वय. नागिसाची घुसमट समजायला जपानला जावं लागत नाही, मात्र तिचं उत्तर तिचं स्वतःचं आहे. ते आपल्या घरच्या मापानं मोजू नका. शेवट मी सांगणार नाही. काहींना तो कडक वाटतो. मला तो प्रामाणिक वाटला.

आठवी पायरी: पुढे काय वाचायचं

शिनिची फुकुदा ह्यांची ‘माय ड्रेस-अप डार्लिंग’ बहुतेकांनी ॲनिमेमुळे ऐकलेली असते. ‘यंग गंगन’ ह्या मांगा नियतकालिकात २०१८ ते २०२५ अशी चाललेली, पंधरा खंडांची. हिना बाहुल्यांचे (मुलींच्या सणाला मांडतात त्या पारंपरिक जपानी बाहुल्यांचे) चेहरे घडवणाऱ्या आजोबांकडे शिकणारा गोजो आणि कॉस्प्लेच्या वेडानं झपाटलेली मारिन. एक गोष्ट आधीच सांगते: ही तरुणांची मांगा आहे, सुरुवातीलाच उघडेवाघडे प्रसंग येतात आणि पहिला पोशाख ज्या खेळातल्या पात्राचा आहे तो खेळ प्रौढांचा आहे. शाळकरी भाचीच्या हातात देण्याआधी स्वतः वाचा.

पण कपड्याच्या बाबतीत ही मालिका फार उदार आहे. मारिनला शिवता येत नाही, गोजोला येतं, आणि माप घेण्यापासून अस्तरापर्यंत सगळं पानावर दिसतं. आणि थोडं पुढे गेल्यावर दोघी बहिणी येतात. थोरली साजुना, चणीनं छोटी, नावाजलेली रेइया. धाकटी शिंजू, उंच, नेहमी कॅमेऱ्यामागे उभी राहून ताईचे फोटो काढणारी. शिंजूलाही कॉस्प्ले करायचंय, पण आपल्या अंगाला ते शोभणार नाही असं तिनं मनाशी धरलेलं असतं. ‘कॉम्प्लेक्स एज’नंतर हा भाग वाचा. तीच उंची, तीच तुलना, पण शिंजू पुरुष पात्र निवडते आणि उंची अडचण राहत नाही. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. मला अजून नागिसा आणि शिंजू ह्या दोघींपैकी एकीलाच बरोबर म्हणता येत नाही.

नववी पायरी: वाचून झाल्यावर हात शिवशिवले तर

शिवशिवतातच. तेव्हा थोडक्यात. पहिलं पात्र आवडीचं घ्या, सोपं म्हणून नको. कंटाळा आल्यावर आवडच हात धरते. चित्राचे समोरचे, बाजूचे आणि पाठचे फोटो जमवा, पाठ नेहमी राहून जाते. महागाचं कापड कापायच्या आधी जुन्या चादरीचा कच्चा नमुना शिवून अंगावर घालून बघा, हात वर करून, खाली बसून. टोप उष्णता सोसणाऱ्या धाग्याचा आहे ना ते विचारून घ्या, साध्याला इस्त्री किंवा गरम हवा लागली तर वितळतो. सुई-दोरा, चिकटपट्टी आणि चार सेफ्टी पिना पिशवीत असू द्या. लोकलमध्ये साध्या कपड्यांतच जा, तिथे जाऊन बदला. आणि मैत्रिणीबरोबर एकच पात्र करणार असाल, तर फोटोत एकीलाच एकटीला उभं केलं तर काय करायचं, हे घरीच बोलून ठेवा. विचित्र वाटेल, तरी बोला.

मी शेवटी माझ्या त्या मैत्रिणीला फोन केला. ती एका रविवारी साडेतीन मीटर गुलाबी साटीन घेऊन आली, जे झालरीला सगळ्यात वाईट कापड, हातातून निसटतं. तिला म्हटलं, आधी कडेनं धावदोरा घाल, लांब टाके, शेवटी गाठ मारू नकोस. तिनं दोरा ओढला, कापड गोळा झालं, आणि मध्येच तुटला. मग आम्ही दुहेरी दोरा घेतला.